कॉईल ०.१२ ओहमची आणि सेल २० अँपिअरचा: आधी सेल बघ, मग तार

तुझा प्रश्न नीट वाचला. डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे व्हेप, बंद झाल्यावर रूममेट जाताना त्याचा मेकॅनिकल मॉड (सेल घालायची धातूची नळी) आणि वरचा आरडीए (हाताने कॉईल बांधून कापूस घालायचं डोकं) तुला देऊन गेला, आत एकच १८६५० सेल (१८ मिलीमीटर जाड, ६५ लांब लिथियम सेल), कॉईल त्यानेच बांधलेली, तुझ्या मल्टीमीटरवर ०.४ ओहम येतंय पण मित्राच्या बोर्डवाल्या व्हेप मशीनवर लावली तर ०.१२ दाखवते, चार-पाच झुरके मारले की नळी खालच्या बाजूने हातात धरवत नाही, आणि तुला विचारायचंय की अजून जाड तार घालून ओहम खाली आणला तर धूर वाढेल का आणि हे तापणं कसं कमी करायचं. बाकीचं निवांत वाच, पण एक काम आत्ता उठून कर. सेल मॉडमधून बाहेर काढ आणि सुटा कुठे टाकू नको, प्लास्टिकच्या डबीत ठेव, डबी नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव. झालं? मग पुढे.

मी मूळचा इचलकरंजीचा, मामाच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात आठ वर्षं काढली, पॉवरलूमच्या मोटरी भरायच्या, आणि मग इकडे इंग्लंडात लेस्टरला आल्यावर नऊ वर्षं व्हेपच्या दुकानात काउंटरमागे कॉईली बांधतोय. मामाने पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट आजही तशीच कामाला येते. जळलेली मोटर आली की तो आधी वायंडिंग बघायचाच नाही, टर्मिनल बघायचा. म्हणायचा, तापली हे गिऱ्हाईक पण सांगतं, कुठं तापली ते आपण बघायचं. आपल्या कामात उष्णता एकाच जागी व्हायला पाहिजे, कॉईलच्या वेढ्यांत. बटण तापतंय, नळी तापतेय, सेल गरम लागतोय, म्हणजे उष्णता चुकीच्या जागी होतेय, आणि ती धूर कमी-जास्त करून जाणार नाही.

आता तुझा हिशोब. सेल फुल्ल चार्ज असला की ४.२ व्होल्ट. मेक मॉडमध्ये सर्किट नसतं, बोर्ड नसतो, सेलचे व्होल्ट थेट कॉईलवर, म्हणून करंट म्हणजे सरळ व्होल्ट भागिले ओहम. ४.२ ला ०.१२ ने भाग, ३५ अँपिअर. पॉवर म्हणशील तर १४७ वॅट, एका अंगठ्याएवढ्या सेलमधून! लोड आल्यावर व्होल्टेज थोडं पडतं आणि प्रत्यक्षात करंट जरा कमी होतो हे खरं आहे, पण हिशोब कायम ४.२ नेच करायचा, पडलेल्या व्होल्टेजवर भरवसा ठेवून कॉईल बांधायची नाही. आणि १८६५० मध्ये सलग ३५ अँपिअर प्रामाणिकपणे देणारा सेल तुला बाजारात मिळणं अवघड आहे, वेष्टनावर ४० अँपिअर छापलेलं असलं तरी. उदाहरणादाखल सॅमसंगचा २५आर बघ, २५०० एमएएच (म्हणजे सेलची साठवण), सलग २० अँपिअर. सोनीचा, म्हणजे आता मुराताचा, व्हीटीसी५ए, २६०० एमएएच, २५ अँपिअर. सॅमसंगचाच ३०क्यू ३००० एमएएच आहे पण १५ अँपिअरचा. म्हणजे साधारणपणे एमएएच वाढले की अँपिअर उतरतात, हे लक्षात ठेवलंस तर '५००० एमएएच, ४० अँपिअर' असं लिहिलेला १८६५० बघितल्या बघितल्या परत ठेवशील. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल तर हातातच धरू नको, ते इतका करंट द्यायला बनवलेलेच नसतात.

मल्टीमीटरचं कोडं सोपं आहे, आणि इथेच बरीच पोरं फसतात. साधा मीटर १ ओहमच्या खाली खरं बोलत नाही कारण त्याच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ असतो. तुझ्या मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकव, बघ काय येतं, बहुतेक ०.२८ च्या आसपास येईल, ते ०.४ मधून वजा केलं की उरलं ०.१२. मित्राचं मशीन बरोबर होतं. तू मात्र ०.४ धरून चालला होतास, म्हणजे तुझ्या मते साडेदहा अँपिअर आणि प्रत्यक्षात त्याच्या तिपटीहून जास्त. कॉईल मोजायला वेगळा ओहम रीडर मिळतो, चांगल्या रेग्युलेटेड, म्हणजे आत बोर्ड असलेल्या, मशीनवरही आकडा दिसतो, तोच धरायचा. आणि एकदा बांधून मोजली म्हणून सुटलो असं नाही, कापूस बदलला, स्क्रू आवळला, टाकी उघडली की परत मोजायची.

सेलचं वेष्टन बघ आता, चांगल्या उजेडात, फिरवून फिरवून. १८६५० चा अख्खा डबा, म्हणजे खालचा बूड, बाजूची भिंत, आणि वरच्या पॉझिटिव्ह बटणाच्या भोवतीची कड सुद्धा, सगळं निगेटिव्ह असतं. मध्ये अडवायला काय आहे तर ते पातळ प्लास्टिकचं वेष्टन आणि वरची एक छोटी पांढरी रिंग. वायंडिंगच्या तारेचं इनॅमल नखाएवढं खरवडलं तरी करंट मोटरच्या बॉडीत उतरतो, हे तसंच आहे, फक्त इथे फ्यूज नाही. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा दुकानात आला, म्हणाला मॉड कधी कधी आपोआप तापतो. सेल काढला तर वरच्या कडेला वेष्टन फाटून तांदळाच्या दाण्याएवढा धातू उघडा पडला होता आणि त्यावर सुईने टोचल्यासारखा काळा खड्डा, त्याच जागी मॉडच्या आतल्या भिंतीवर तसाच दुसरा ठिपका. तिथे स्पार्क होत होता, त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीपाशी. तो सेल मी परत दिलाच नाही. नुसतं वेष्टन फाटलं असेल आणि धातूला इजा नसेल तर नवं श्रिंक वेष्टन आणि नवी रिंग घालता येते, दोन मिनिटांचं काम, पण खड्डा, पोचा, गंज, चिकट ओल काहीही दिसलं तर सेल बॅटरी रिसायकलिंगला द्यायचा. घरच्या कचऱ्यात नको.

तू मॉडचं मॉडेल सांगितलं नाहीस पण फोटोवरून मला तो हायब्रिड वाटतोय, म्हणजे वरच्या टोपीत मधली वेगळी पिन नाही, आरडीएचीच पिन थेट सेलच्या पॉझिटिव्हवर बसते. असं असेल तर आरडीए उलटा करून बघ. मधली पिन बाहेरच्या आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेली, पक्की, स्प्रिंगने आत न दबणारी पाहिजे. पिन आणि आटे एका लेव्हलला असतील तर दोन्ही एकदम सेलच्या डोक्यावर टेकतात, आणि तो डेड शॉर्ट, म्हणजे थेट शॉर्टसर्किट, ज्यात कॉईल किती ओहमची होती याला काही अर्थच उरत नाही. मेक मॉडच्या बऱ्याच भयानक अपघातांमागे हेच असतं. अमेरिकेत २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला व्हेप फुटून एकेक माणूस गेला, दोन्ही ठिकाणी धातूचे तुकडे शरीरात घुसले होते. बंद नळीत सेलने गॅस सोडला आणि बाहेर जायला पुरेशी भोकं नसली की त्या नळीची बंदूक होते आणि तिचं तोंड तुझ्या तोंडाकडे असतं. मी हे घाबरवायला लिहीत नाही, तुझ्या हातात काय आहे ते तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितोय.

मग ओहम कमी करण्याचा एवढा नाद आला कुठून? मेक मॉडमधूनच. बोर्ड नव्हता, वॅट वाढवायला बटण नव्हतं, व्होल्टेज सेल देईल तेवढंच, त्यामुळे जास्त वाफ पाहिजे तर ओहम उतरवणं हा एकच रस्ता होता. रेग्युलेटेड मशीन आल्यावर ती गरज संपली, सवय मात्र राहिली. तिथे तू ५० वॅट लावलेस की कॉईल ०.२ असो की ०.५, सेलवर ओझं जवळपास तेवढंच पडतं, कारण बोर्ड व्होल्टेज स्वतः जुळवतो. तिथला हिशोब वॅटवरून करायचा: वॅट भागिले सेलचं खालचं व्होल्टेज, ३.२ धर, आणि बोर्डात थोडं वाया जातं म्हणून वर ०.९ ने भाग. एका सेलच्या मशीनवर ७० वॅट लावलेस तर २४ अँपिअर होतात, २५आर च्या बाहेर गेलास. दोन सेलच्या मशीनवर ६० वॅट लावलेस तर प्रत्येकावर साडेदहा, सेल आरामात असतो, दिवसभर गरमही लागत नाही. शिवाय शॉर्ट असेल तर बोर्ड फायरच करत नाही, दहा सेकंदांनी फायर आपोआप बंद करतो, सेल उलटा घातला तरी चांगला बोर्ड अडवतो. तुझ्या जागी माझा सख्खा भाऊ असता तर मी तो मेक काढून घेतला असता आणि दोन सेलचं साधं रेग्युलेटेड मशीन हातात दिलं असतं, तोच आरडीए त्यावर लाव, काही वाया जात नाही.

आता कॉईल. तुला नक्की किती तारेचे किती ओहम येतात ते सांगतो. कांथल ए१ तार, २४ गेज (गेज म्हणजे जाडीचा नंबर), ३ मिलीमीटरच्या सळईवर सहा वेढे, पाय धरून साधारण साडेसात सेंटीमीटर तार लागते आणि एक कॉईल ०.५३ च्या आसपास बसते. अशा दोन लावल्या की समांतर जोडणी, म्हणून अर्धं, ०.२६-०.२७. निक्रोम ८० ची तीच तार घेतलीस तर एक ०.४ आणि दोन ०.२. कांथल म्हणजे लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियम, भट्टीत वापरतात, निक्रोम म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम, निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ येत असेल, तर निक्रोमच्या वाटेला जाऊ नको.

इथे एक खास आपल्याकडच्या माणसाची चूक सांगतो. वायंडिंगवाले, शेगडीवाले, हार्डवेअरवाले सगळे आपल्याकडे एसडब्ल्यूजी (ब्रिटिश) गेज बोलतात, आणि व्हेपची तार सगळी एडब्ल्यूजी (अमेरिकन) मध्ये येते. दोन्हीकडे '२४ गेज' म्हणतात पण एडब्ल्यूजीची २४ म्हणजे ०.५१ मिलीमीटर आणि एसडब्ल्यूजीची २४ म्हणजे ०.५६. ऐकायला किरकोळ आहे पण रेझिस्टन्स जाडीच्या वर्गावर जातो, तीच सहा वेढ्यांची जोडी ०.२७ ऐवजी ०.२२ येते, आणि मेकवर साडेपंधरा अँपिअरचे एकोणीस होतात. मी स्वतः सुरुवातीला गावाकडून आणलेलं रीळ वापरलं होतं आणि आकडा जुळेना म्हणून संध्याकाळभर वेढे मोजत बसलो होतो. म्हणून रिळावर गेज नाही, मिलीमीटर बघ. आणि शेगडीची किंवा हीटरची जुनी तार कधीच नको, तिच्यावर काय चढलंय ते कुणालाच सांगता येत नाही आणि ते तू फुप्फुसात ओढणार.

बांधताना वेढे एकमेकांना चिकटून आणि ताणून घे, दोन्ही पाय एकाच दिशेला आले की बघ. पोस्टमध्ये (आरडीएतल्या तार धरायच्या खांबांत) घालून स्क्रू आवळायचा तो इतका की तार हलणार नाही पण कापली जाणार नाही, पातळ तारेवर जोर लावलास तर डोक्याखालीच अर्धी तुटते आणि तीच जागा पुढे तापते. लूज स्क्रू पण तापतो. आवळल्यावर पायांची टोकं पोस्टला भिडवून काप, अर्धा मिलीमीटर जरी बाहेर राहिली आणि टोपी लावताना भिंतीला टेकली की शॉर्ट. कॉईलचं पोट डेकला (आरडीएच्या तळाला) टेकत नाही ना, टोपीला लागत नाही ना, हे सळई आत असतानाच डोळ्यासमोर धरून आरपार उजेड बघून तपास. मग सळई काढ, मोज, आकडा हिशोबाच्या जवळ आला तरच पुढे.

पहिला फायर कापूस न घालता, १५-२० वॅटवर, बटण अर्धा सेकंद दाबून सोड, परत दाब. कॉईल बघत राहा. बरोबर असेल तर मधल्या वेढ्यांना आधी लाली येते आणि ती दोन्ही बाजूंना सारखी पसरते, चुलीत फुंकर मारल्यावर निखारा मधून उमलतो तशी. एखादाच वेढा आधी भगभगीत लाल होत असेल, किंवा पायाजवळची कड चमकत असेल, तर तो हॉट स्पॉट. बटण सोड, चिमट्याने वेढे हलके दाब, सळई आत घालून थोडं ओढून घे, परत पल्स दे. चिमटा सिरॅमिकच्या टोकाचा घे, स्टीलच्या चिमट्याने फायर चालू असताना वेढे दाबलेस तर तू स्वतःच शॉर्ट केलास. दोन कॉईल असतील तर दोन्ही एकाच वेळी लाल व्हायला पाहिजेत, एक मागे राहत असेल तर तिचे पाय लांब आहेत नाहीतर स्क्रू ढिला आहे. हे सगळं बसून करायला वीस मिनिटं लागतात, आणि मेक मॉडवर हे करायचंच नाही, वॅट कमी करायची सोयच नाही तिथे.

कापूस म्हणजे समईची वातच. घट्ट वळली की तेल चढत नाही, सैल पडली की नुसती भिजून गळते. कॉईलमधून ओढताना थोडी अडली पाहिजे पण तार वाकता कामा नये. टोकं विंचरून पातळ कर म्हणजे लिक्विड पटकन चढतं. उष्णता ताब्यात ठेवतं ते हे लिक्विडच, हे खूप जणांना माहीत नसतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला, आणि कॉईल ओली आहे तोवर तापमान या दोघांच्या मध्ये कुठेतरी अडून राहतं. कोरडी पडली की अडवायला कुणी नाही, कापूस करपतो, घशाला मिरचीची फोडणी लागल्यासारखं होतं, आणि त्या धुरात फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतात. म्हणून करपट चव आली की 'अजून एक मारून बघू' नको, कापूस बदल. जास्त गोड लिक्विडने कॉईलवर काळी साय धरते, ती साय पण उष्णता कोंडते. कापूस काढून १५-२० वॅटवर पल्स देत साय जाळता येते, गार झाल्यावर पाण्याखाली ब्रशने घास, पण चार-पाच वेळा झालं की तार फेकून नवी बांध, तार फार महाग नाही. धूर कमी पडतोय असं वाटलं तर वॅट आणि ओहमच्या आधी हवेची भोकं मोठी कर, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं, आणि टोपी पण गार राहते.

तू लिक्विड कोणतं वापरतोस ते लिहिलं नाहीस, पण डिस्पोजेबलवरून आलायस म्हणजे २० मिलिग्रॅमचं निक सॉल्ट (निकोटिन सॉल्टचं लिक्विड) असणार. ते छोट्या, कमी वाफेच्या पॉड मशीनसाठी आहे. कमी ओहमच्या आरडीएत एका झुरक्यात कितीतरी पट वाफ येते, तिथे २० घातलंस तर डोकं गरगरणार, उलटी होणार. ३ मिलिग्रॅम घे, फार तर ६, ग्लिसरीन ७० टक्क्यांच्या वरचं. बाटली कपाटात वर ठेव, निकोटिन लहान पोराच्या पोटात गेलं तर जिवाशी खेळ आहे.

खिशाबद्दल परत सांगतो, कारण तू लिहिलंयस की दुसरा सेल पँटच्या खिशात असतो. अमेरिकेच्या अग्निशमन खात्याने २००९ ते २०१६ मधल्या व्हेपच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ बातम्या गोळा केल्या होत्या, त्यातले ६१ प्रसंग खिशातले होते. सुटा सेल, सोबत किल्ली आणि चिल्लर, एवढं पुरतं. चार्जिंग वेगळ्या चार्जरवर, जागा असताना, गादीवर नाही. दोन सेलचं मशीन घेतलंस तर एकाच दिवशी घेतलेली जोडी कायम जोडीनेच वापर आणि जोडीनेच चार्ज कर. आणि कधी सेलमधून फुस्स आवाज आला, गोडसर दर्प आला, किंवा हाताला चटका बसेल इतका तापला, तर त्याच्याशी झटापट करू नको, तो धूर विषारी असतो, जमलं तर बाहेर उघड्यावर टाक, नाहीतर खोलीतून निघ, दार ओढून घे आणि ९९९ लाव.

दिवाळीला घरी जाणार म्हणालास. हे काहीही बरोबर नेऊ नको. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे, आणण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि 'माझ्यापुरतंच आहे' म्हणून विमानतळावर वाद घालत बसायची वेळ येऊ देऊ नको. तेवढे दिवस निकोटिनचा च्युइंगगम घेऊन जा, मी तेच करतो. सिगरेट सुटली म्हणून मी यात आलो, तुझ्या खोलीतला जो अजून काहीच ओढत नाही त्याला हे हातात देऊ नको.

आता तू दोन फोटो पाठव, एक आरडीए उलटा धरून पिनचा, बाजूने, आणि एक सेलच्या वरच्या कडेचा, जवळून. सेलवरचं मॉडेल नीट वाचता आलं पाहिजे. ते बघून सांगतो ठेवायचा की टाकायचा, तोवर मॉड रिकामाच राहू दे.